शेरा

दुधनेच्या पात्रात तीन डोह उरलेत,
बाकी सगळी वाळू,
आणि वाळूही आता ट्रॅक्टरच्या मालकीची.
रांजणडोह, म्हसोबाचा डोह,
आणि खाली, बंधाऱ्यापलीकडे, बिननावाचा एक.
केवळाबाई घटमल त्याला नुसतं ‘तिकडलं’ म्हणते.

मी परभणीहून येते बर्फाची पेटी घेऊन.
कात्री, चिमटा, दीडशे कुप्या, स्पिरिट.
कानशीच्या शेपटीचा नखाएवढा तुकडा कापायचा,
कुपीत टाकायचा, मासा पाण्यात सोडायचा.
पहिल्या दिवशी ती बघतच राहिली.
“धरलेला मासा सोडतीस?
घरी कुणी बोलत न्हाई का गं माय तुला?”

सांगायला गेले की प्रत्येक कणात
एक लांबलचक अक्षरमाळ असते,
अर्धी आईची, अर्धी बापाची,
तर जाळ्याची गाठ दातानं आवळत म्हणाली,
“म्हंजी कूळ बघायलीस.”

हो. कूळच.

“मग मला इचार की.
आधी भादव्यात पूर आला का
ह्या डोहाची पोर त्या डोहाला जायची.
रातभर आवाज, पाण्यावर पाणी आपटल्यावानी.
मपला सासरा म्हणायचा, गप पडा, वऱ्हाड चाललंय.
मग बंधारा झाला, लोखंडी फळ्या बसल्या,
पावसाळ्यात काढायच्या म्हणून कागदावर हाय म्हणं.
आता घरातल्या घरात सोयरीक.
मामाची पोरगी आपल्यातबी चालती,
पण पिढ्यान् पिढ्या एकच मामा?”

हिवाळ्यात अहवाल आला.
वरच्या दोन डोहांत एकाहत्तर मासे,
जवळजवळ एकच हस्ताक्षर.
‘तिकडलं’मध्ये एकोणीस,
आणि दुसरीकडे कुठंच न सापडलेली सहा अक्षरं.
त्यातलं कोणतं अक्षर मे महिन्याचं पाणी सोसतं
मला माहीत नाही.
कोणालाच नाही.
म्हणून तर एकही गाळता येत नाही.

सर म्हणाले, घाई नको,
वेगळेपण मिसळलं की वेगळं राहत नाही,
परवानगी लागेल, अजून नमुने लागतील.
तेही खोटं नव्हतं.
त्याच आठवड्यात टेम्पो आला,
फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत
एका हौदातली दहा हजार भावंडं,
सरपंचानं पिशवी सोडताना फोटो काढून घेतला.

एप्रिलात ‘तिकडलं’ गुडघाभर राहिलं.
केवळाबाईनं बाभळीचे फाटे आडवे टाकले,
थोडी सावली, आणि कुणाचं जाळं पडू नये म्हणून काटे.
सेलूच्या बाजारात ती दुसऱ्या तलावाची चिलापी
विकत घेऊन विकत होती,
किलोमागं बारा रुपये सुटायचे.
एकोणिसाचे अकरा झाले.
मेलेल्या आठांचे तुकडेही मी कापले,
हात धुतले तरी वास गेला नाही.

भादव्यात पाणी आलं, गढूळ, चहाच्या रंगाचं.
फळ्या तशाच, गंजून खाचेत बसलेल्या,
ठेकेदाराचा फोन बंद.
त्या रात्री मी तिच्याच घरी मुक्कामाला होते.
सकाळी बंधाऱ्याच्या दोन फळ्या नव्हत्या.

पंचनामा झाला.
“मॅडम, तुम्ही नदीवर होता ना संध्याकाळी?”
मी म्हटलं, कुप्या मोजत होते.
केवळाबाई उंबऱ्यात बसली होती.
तळहाताच्या रेषांत तांबडा गंज,
त्यावरच चुना घेऊन
ती निवांत तंबाखू मळत होती.

तक्त्यात सगळं भरलंय:
ठिकाण, तारीख, पाण्याचं तापमान.
शेवटचा रकाना ‘शेरा’, दोन बोटं रुंद.
पेनाचं टोपण काढून बसलेय कधीची.
रात्री दोनच्या सुमारास
खरंच आवाज आला होता, पाण्यावर पाणी आपटल्यासारखा.
मी उठून बसले,
तर शेजारच्या गोधडीतून,
“गप पड.”
पायाला तिच्या ओल्या लुगड्याचा काठ लागत होता.