नव्याण्णव

उत्तर नसेल तिथे नव्याण्णव टाकायचं,
सबनीस सर म्हणाले.
रकाना रिकामा ठेवला तर सॉफ्टवेअर अडखळतं
आणि शून्य टाकलं तर ते शून्य खरं मानतं.

तीनशे चौऱ्याऐंशी कारखाने हवे होते.
सातपूर, अंबड, थोडं सिन्नर.
दोन उन्हाळी सुट्ट्या स्कूटरवर गेल्या,
हँडलला पिशवी, पिशवीत प्रश्नावल्या,
पंचेचाळीस प्रश्न, एक ते पाचची मोजपट्टी,
पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत.

स्प्रिंगवाल्या कुलथ्यांनी सगळीकडे तीनच लिहिले.
वाचलं तरी का, विचारलं.
मधे राहिलं की कुणी काही विचारत नाही, मॅडम.
पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या हेमलता बागूल
सतराव्या प्रश्नावर थांबल्या:
'स्पर्धकाकडे आपण संधी म्हणून पाहता का?'
माझा स्पर्धक माझा दीर आहे, म्हणाल्या, भिंत एकच.
आणि चारवर खूण केली.
तो चार मी संगणकात चार म्हणूनच भरला.

निष्कर्ष देखणा आला.
जे उद्योग नवं शिकतात, ते टिकतात.
सर खूश. आलेखाची रेघ
पांडवलेणीच्या पायऱ्यांसारखी सरळ वर.

फक्त मी टिकलेल्यांनाच विचारलं होतं.

हे लक्षात आलं जानेवारीतल्या एका सकाळी,
नासर्डीवर धुकं, कानाला रुमाल,
अंबडमध्ये पत्ता चुकून
एका गंजलेल्या फाटकासमोर उभी राहिले तेव्हा.
आत शेकोटी होती, आणि सुकदेव गांगुर्डे,
वॉचमन, सहा वर्षं,
बंद कारखान्याचा.

सर्व्हे आहे म्हटलं, तर त्यांनी खुर्ची पुसली.

शेडमध्ये अजून फळा होता.
सेइरी, सेइतोन, सेइसो,
कुणीतरी वळणदार देवनागरीत रंगवलेले जपानी शब्द,
शेजारी हत्यारांचा बोर्ड:
प्रत्येक पान्याची पिवळी आकृती, त्याच्या मापाची,
बारा, चौदा, सतरा, एकोणीस.
पाने विकले गेलेले.
आकृत्या जागच्या जागी.

म्हणजे शिकले होते हे. पुण्याहून माणूस यायचा शिकवायला.
मग बंद कसा पडला?
ऑर्डर होती, गांगुर्डे म्हणाले,
शेवटच्या दिवशी तर खोकी कमी पडली.
पण मोठी कंपनी पैसे द्यायची एकशे ऐंशी दिवसांनी
आणि पगार व्हायचा दर सात तारखेला.
एवढंच बोलून त्यांनी शेकोटीत काटकी सरकवली.
माझ्या पंचेचाळीस प्रश्नांत
सात तारीख कुठेच नव्हती.

एक लेथ उरलाय, कोर्टाच्या सीलखाली.
दर मंगळवारी चक हाताने फिरवतात, चार थेंब तेल देतात.
कुणी सांगितलंय?
कुणी नाही. बसला तर पुन्हा सुटत नाही तो.
सील मोडत नाही मी, कडेनं हात जातो.

प्रश्नावली दिली. चष्मा विसरला होता,
म्हणून मी वाचलं, त्यांनी ऐकलं.
कर्मचारी संख्या?
एक.
वार्षिक उलाढाल?
ते हसले नाहीत. मीही नाही.
पुढच्या पानावर त्यांनी विचारलं,
मॅडम, यातलं मालकांनी सांगायचं की कारखान्यानं?

घरी आल्यावर भरली ती नोंद.
पहिल्या रकान्यात एक,
आणि पुढे नव्याण्णव, नव्याण्णव, नव्याण्णव,
पडद्याच्या कडेपर्यंत, मग कडेच्या बाहेर.
सॉफ्टवेअरनं गणित केलं,
निष्कर्षाला धक्का नाही, रेघ तशीच वर,
तळाशी बारीक अक्षरात:
वगळलेल्या नोंदी, एक.

सर म्हणाले, मर्यादांच्या प्रकरणात
एक वाक्य घाला आणि ओळ काढून टाका.
वाक्य घातलं.
ओळ अजून काढलेली नाही.
व्हायवा जूनमध्ये आहे.