तालमीचा काटा

माझं नाव आशा नाही.
कागदावर विजयमाला दगडू लोहार,
पण पेठेत सगळे आशाच म्हणतात, मीही ओ देते.
पिशवीत रक्तदाबाचं यंत्र. त्याच्या पट्ट्याचं
चिकटपण गेलंय, म्हणून तो
डाव्या हातानं धरून ठेवते, उजव्यानं फुगा दाबते.

या गावात तब्येतीची काय कमी?
पहाटे साडेचारला तालमीत जोर-बैठका,
हौद्यातल्या तांबड्या मातीत
ताक, लिंबू, तेल, हळद मुरलेली.
रात्री गंगावेशीत म्हशी रस्त्यावरच पिळतात,
फेसाचा गरम ग्लास मिशीला लावून माणसं म्हणतात,
ह्येच्याम्होरं डॉक्टर काय करतोय!
खरं आहे ते.
अर्धं.

हिंदुराव वस्तादांनी मला उंबऱ्यातच थांबवलं.
आत बाई येत नाही, नियम जुना.
"आन् मला काय धाड भरलीया?"
मान अशी, की म्हैस बांधावी.
म्हटलं, नुसता हात द्या.
दिला नाही.

मागच्या दारी अक्काताई भांडी घासत होत्या.
त्यांनी दिला. ओला, राखेसकट.
सिस्टरांनी बोट पुसून सुई टोचली.
ज्या घरात रोज आठ लिटर दूध येतं,
बदाम कुटायचा खल कधी वाळत नाही,
त्या घरातल्या बाईचं रक्त
सात पूर्णांक दोन.
"दूध मला पचत न्हाई," त्या म्हणाल्या.
मग राख झटकून,
"म्हंजे, कधी पिऊन बघितलं न्हाई."

गेल्या महिन्यात आमचं ट्रेनिंग झालं.
पडद्यावर जगाचा नकाशा. साहेब म्हणाले,
आरोग्याची संस्कृती रुजवायची आहे,
प्रत्येक समाजात, प्रत्येक देशात.
शमशाद मुल्लाणी माझ्या कानात म्हणाली,
आधी आमचं मानधन रुजवा म्हणावं.
हसलो.
मी मात्र नकाशाकडे बघत राहिले.
त्या हिरव्या-पिवळ्या तुकड्यांत कुठंतरी
असेलच एखादी बाई,
दुसऱ्याच्या दंडावरचा पट्टा
हातानं धरून बसलेली.

रात्री दहाला कडी वाजली.
वस्ताद. पायताण बाहेर काढून,
बाही खांद्यापर्यंत सारून.
पट्टा दंडाला पुरेना.
दुसऱ्या दिवशी केंद्रातून मोठा आणला,
ते पुन्हा आले, पुन्हा अंधार पडल्यावरच.
एकशे नव्वदवर एकशे दहा.
आकडा ऐकून काही बोलले नाहीत.
बऱ्याच वेळानं: "आन् घरातनं किती हाय?"
सांगितलं.
"सात म्हंजे?"
म्हंजे जिना चढताना मधेच बसावं लागतं, वस्ताद.
"बसतीया," ते म्हणाले.
"मला वाटायचं, नाटक करतीया."

सोमवारी तालमीचा वजनकाटा
चार पोरांनी उचलून गल्लीत ठेवला,
कुस्तीआधी जोड लावायला ज्यावर वजनं होतात, तोच.
आत बाई येत नाही ना,
मग काटा बाहेर आला.
नियम मोडला नाही कुणी. जरा सरकला.
शेवंता घाटगेनं विचारलं, जोडवी काढू का?
कुणी पदर आवरला, कुणी श्वास धरला,
लंगोटावर टॉवेल गुंडाळलेली पोरं
आकडे मोठ्यानं वाचत होती, आधी हसत,
मग हळू.
अक्काताई शेवटी चढल्या.
"बेचाळीस," पोरगं पुटपुटलं.
त्या लगेच उतरल्या नाहीत.
काचेतल्या काट्याकडे वाकून बघत म्हणाल्या,
"एवढीच हाय व्हय मी?"

रजिस्टरात मी लिहिलं: लोहाच्या गोळ्या. पुढील भेट, गुरुवार.
बाकीच्याला रकाना नाही.

चार महिने झाले.
पट्टा अजून हातानंच धरते.
वस्ताद गोळी एक दिवसाआड विसरतात
आणि अक्काताई त्यांच्यावर ओरडतात,
चांगल्या खणखणीत,
जिन्याच्या वरच्या पायरीवरून.