शेरा

छातीइतक्या उंचीवर टेप गुंडाळायची, घेर लिहायचा,
नंबर ठोकायचा नाही, रंगवायचा,
असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.
छाती कोणाची, ते सांगितलं नव्हतं.
मी माझीच धरते. जोडीदार ढमढेरे सहा फुटी,
त्याची झाडं माझ्या झाडांपेक्षा थोडी बारीक भरतात.

चेंबूरची गल्ली, मार्च संपत आलेला, बारा वाजलेले.

एकशे चार. सोनमोहर. घेर एकशे ऐंशी. खिळे सात,
त्यांतल्या दोघांवर
"दहावी-बारावी गणित, हमखास" लटकलेलं.

एकशे पाच. पर्जन्यवृक्ष.
बुंध्याला चहूकडून सिमेंट, माती मुठीएवढीही नाही,
तरी हात पलीकडच्या फुटपाथपर्यंत पोचवलेले.
खाली सहा रिक्षा, आत सहाजण झोपलेले, तळपाय बाहेर.
सावली सरकली की शेवटचा उठतो,
डोळे न उघडता रिक्षा हातभर ढकलतो
आणि परत झोपतो.

दुसऱ्या मजल्यावरून सबनीस ओरडतात,
"गाडीवर चिकट पडतं हो! छाटायला कधी येणार?"
आम्ही मोजणारे, छाटणारे वेगळे, मी सांगते.
गाडी त्यांची झाडाखालीच उभी.
उन्हातली जागा रिकामी आहे, सकाळपासून.

फॉर्मवर प्रजाती, घेर, उंची, आरोग्य.
शेवटी शेरा. तिथे वाळवी, कलणं, तारांना धोका.
तारांचा झाडाला धोका, असं लिहायला
जागा पुरत नाही.
सावलीचा रकानाच नाही.

एकशे दहा जुन्या यादीत आहे, रस्त्यावर नाही.
त्या जागी चार फरश्या, बाकीच्यांहून नव्या,
फरश्यांवर पाटी, पाटीवर ओलं गोणपाट,
आणि फाटक्या छत्रीखाली माहुलची द्वारकी तांडेल.
"बदाम होता," ती म्हणाली, आम्ही विचारायच्या आत.
"पाइपवाल्यांनी मुळं कापली.
आषाढात आडवा झाला, रात्रीचा. कोणाला लागलं नाय.
तेवढं बघून पडला."

मग तिने गोणपाट उचलून दाखवलं.
"तवा अर्धी लादी दोन वाजेपर्यंत पुरायची.
आता साडेअकरालाच पापलेटाचे डोळे पांढरे.
दुसरी अर्धी आणावी लागते. साठ रुपये. रोज.
तुझ्या कागदावर लिव,
झाडाला साठ रुपये पगार होता."

मी मनात वर्षाचा गुणाकार सुरू केला, मग सोडला.
संकष्ट्या, गुरुवार, अख्खा श्रावण
वजा करावा लागला असता.

भिंत आणि गटार यांच्या मधल्या फटीत
थर्माकोलचं फुटकं खोकं. त्यात काडी.
काडीला पाच पानं, पिंपळाची नक्कल केल्यासारखी.
द्वारकीने पाटी कलती केली,
वितळलेल्या बर्फाचं पाणी, खवल्यांसकट,
खोक्यात गेलं.

"माशाचं पाणी? खारट होईल ना माती?"
ती माझ्याकडे बघत राहिली,
मी शहाणी असेन असं तिला वाटलं होतं बहुतेक.
"भेंडी हाय ती. खाडीची पोर.
तिला तू खारट शिकवतेस?"

घेर दहा सेंटिमीटरच्या आत असेल
तर झाड धरायचं नाही, असा नियम.
मी टेप काढली. छातीइतक्या उंचीवर काहीच नव्हतं,
वाकावं लागलं, मग उकिडवं बसावं लागलं.
तीन. ओढूनताणून सव्वातीन.
"सोड," ढमढेरे म्हणाला. "गल्ली संपवू."

खाली बसल्यावर कळलं
फरशी किती तापलीय. चपलेतून जाणवत नव्हतं.
ही बाई इथे रोज सात तास.

एकशे दहा, लिहिलं. प्रजाती भेंडी.
घेर कोरा ठेवला. उंची, द्वारकीच्या गुडघ्याएवढी,
पण सेंटिमीटरमध्ये.
शेरा: पगार अजून सुरू नाही.

मग बोंबलांचा एक वाटा घेतला.
भाव तिने कमी केला नाही.