दहा मैल

लुराईनने सही केली तेव्हा
एका हातावर तीन ताटं होती.
कागद पाकाच्या डागाला चिकटलेला.
मॅनेजर म्हणाला, सगळेच करतात.

नोकरी सुटली; कागद सुटेना.
दहा मैलांत, वर्षभर,
कुणाच्याही कपात कॉफी ओतायची नाही.

कसलं गुपित पळवणार होती ती?
की म्हातारा झेलिन्स्की
बायको गेली तरी दोन कप मागवतो,
आणि दुसरा गार झाला की
काही न बोलता बदलायचा?

टोलीडोच्या नकाशावर
ती बशी उपडी ठेवते, पेन्सिल फिरवते.
आत घर, पोराची शाळा, बसचा शेवटचा थांबा.
बाहेर मक्याची शेतं आणि
एक पेट्रोलपंप.

वकील म्हणे, कोर्टात टिकेलच असं नाही.
एवढं विचारायचेच दोनशे डॉलर.

ती बशी पुसते,
जागच्या जागी ठेवते.