आकतोश

आकतोश म्हणजे पांढऱ्या छातीचा.
कुत्र्याचं नाव. मीच ठेवलेलं.

बिश्केकच्या इस्पितळात डॉक्टर इशेनोवांनी
उजेडाच्या काचेवर कानिशायची छाती टांगली.
उजवीकडे एक पांढरा गोळा,
कडा इतकी साफ
की कुणी वाटी पालथी घालून भोवती पेन्सिल फिरवावी.
त्या सांगत होत्या, मी मान हलवत होतो.
त्यांना काय ठाऊक, मला ही गाठ हाताने माहीत आहे.

तीस हिवाळे मेंढ्या सोलल्यात.
फुफ्फुसावर असा फोड दिसला की
सुरीचं टोक लावायचो,
चिळकांडी उडायची, पोरं खिदळायची,
कानिशाय सगळ्यांत पुढे.
मग ते फुफ्फुस भिरकवायचो,
कुत्रा हवेतच झेलायचा.

"चिळकांडीने नाही झालं," डॉक्टर म्हणाल्या.
"कुत्र्याने खाल्लं. कुत्र्याला पोरीने कुरवाळलं.
त्याच हाताने तिने भाकर मोडली."
एवढंच.
मी माझा अपराध चुकीच्या ठिकाणी ठेवला होता,
त्यांनी उचलून नीट जागेवर ठेवला.

मार्चमध्ये, बर्फ अजून दाराशी असताना,
रात्री खोकली आणि म्हणाली, "आता!"
(बापाला आम्ही अशीच हाक मारतो)
"आता, तोंडात खारं पाणी आलंय."
मी म्हटलं, रडली असशील, झोप.
सकाळी ओठ सुजलेले, अंगभर गांधी,
आणि वाडग्यात द्राक्षाच्या सालीसारखं काहीतरी.
दोलोन खिंड त्या दिवशी बंद होती.

गोळ्या आधी का नाही, मी विचारलं.
"आधी दिल्या तर आवरण मऊ पडेल,
छातीतच फुटेल. आधी सुरी, मग गोळ्या."
मग माझे हात बघून त्या माझ्या भाषेत बोलल्या:
भोवती मिठाच्या पाण्याची फडकी अंथरायची,
एक थेंबही मोकळा सांडू द्यायचा नाही.
वरचा पापुद्रा चिरायचा आणि थांबायचं.
भूलतज्ज्ञ हळूच श्वास भरतो,
फुफ्फुस फुगतं, आणि आपणहून
ढकलतं बाहेर.
"कोकरासारखं?"
"कोकरासारखं. फक्त ओढायचं नाही."

सहा तास.
नंतर पलंगाखाली बाटली,
बरगड्यांतून आलेली नळी पाण्यात बुडालेली.
ती खोकली की बुडबुडे.
एक बारीक भोक शिवायचं राहिलं होतं, किंवा शिवलेलं उसवलं होतं,
कुणी नीट सांगितलं नाही.
अकरा दिवस मी मेंढ्या मोजतो तसे बुडबुडे मोजले.
पाचव्या दिवशी ताप, पाणी गढूळ.
नवव्या दिवशी तीनच.
अकराव्या दिवशी ती मुद्दाम खोकली, दोनदा,
आणि पाणी हललं नाही.
शेजारच्या पलंगावरची म्हातारी
देवाचं नाव घेऊन पुन्हा झोपली.

यकृतात अजून एक आहे. नाण्याएवढी.
गोळ्या चालू, तीन महिन्यांनी पुन्हा काच.
पोरगी धावते, चढावर थांबते,
बोट बरगडीवर ठेवून आत ऐकते.

या शरदात पहिली मेंढी कापली.
फुफ्फुसावर दोन फोड.
सुरी लावली नाही.
कमरेएवढा खड्डा खणला, वर दगड रचले.
कुत्रा बसून बघत होता,
माझ्या हाताकडे, मग दगडांकडे, मग पुन्हा हाताकडे.
औषधाची गोळी चरबीत दाबून दिली, खाल्ली त्याने.
हाक मारायला तोंड उघडलं
आणि नाव आलंच नाही.
शीळ घातली.