सत्त्याण्णव अधिक अडुसष्ट

वजन विचारलं की लोक खोटं बोलतात,
हे वादी कबीरला गॅरेज टाकल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं.
खमीसशेठ म्हणाले, ऐंशी.
मी त्यांना शेजारच्या कांदेवाल्याच्या काट्यावर उभं केलं.
काटा सत्त्याण्णववर जाऊन थरथरला
आणि कांदेवाला उगाच रस्त्याकडे बघत राहिला.

गाडी मुळात दोन चाकांची.
डाव्या अंगावरून वारं गेलं,
पाय सिग्नलला धड टेकेना,
तेव्हा सोहारच्या कुणाकडून मागे आडवा आस घालून
त्यांनी तिची तीन चाकं केली.
शॉक मात्र जुनेच, दोन चाकांच्या हिशोबाचे.
आता ती वळणावर कलत नाही.
एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं रस्त्यावरच असतं,
दोघांचं भांडण मधल्या माणसाची कंबर सोडवते.
कुरियातपर्यंतचे सगळे गतिरोधक
या गाडीने अंगावर काढलेत.
डाव्या दांडीवर तेल ओघळून धूळ चिकटलेली.
तोफज्जलने बोट फिरवलं, वास घेतला,
म्हणाला, हा मेला.

कॅटलॉग पसरला.
हवेचे घ्यावेत तर बसायला गादी,
पण जूनमध्ये इथे दुपारी पाना उघड्या हाताने उचलवत नाही.
हवा फुगणार, सील सुकणार,
दर जुम्म्याला पंप घेऊन कोण बसणार?
तैवानचे चकचकीत, पण लांबीला बोटभर कमी.
शारजाच्या भंगारात स्वस्तात मिळतात;
दुसऱ्याच्या धक्क्यांनी दमलेली स्प्रिंग
मी कुणाच्या पाठीखाली लावत नाही.
राहिली ती जाड तारेची,
एका टोकाला वेढे दाट, दुसऱ्याला विरळ,
लहान धक्क्याला मऊ, मोठ्याला ठाम.
असा स्वभाव असलेला फोरमन
मला बावीस वर्षांत एकच भेटला.
ती तीन ताकदींत येते. म्हणून वजन हवं.

मागे कोण बसतं?
कुणी नाही.

मागच्या सीटचं चामडं मधोमध झिजलेलं,
उजव्या पायदाणाचं रबर गुळगुळीत.
मी काही बोललो नाही.
कागदावर लिहिलं, माणूस एक.

दुसऱ्या दिवशी शटर अर्धंच वर होतं,
टॅक्सीतून एक बाई उतरल्या. झुवैना, खमीसची, म्हणाल्या,
आणि चपला काढून सरळ काट्यावर चढल्या.
अडुसष्ट. लिही.
मग अबायाला चिकटलेली कांद्याची सालं झटकत:
त्यांना वाटतं, मी त्यांच्या पायाला भिते.
दीड वर्ष झालं, एकटेच जातात.
मी भिते माझ्या मणक्याला. चौथ्या आणि पाचव्या.
हे घरात बोलले तर ते गाडीच विकतील.
तू काही सांगू नकोस. स्प्रिंग तेवढी बरोबर लाव.

मी एक खोडून दोन केलं.

एकवीस दिवसांनी खोकं आलं.
बसवले. दांडीवर रबराची बारीक रिंग सरकवली,
शॉक किती दबला त्याची खूण राहावी म्हणून.
खमीसशेठ बसले, दोनदा उसळून बघितलं.
फार कडक आहे. तुझा हिशोब चुकला.
चुकला असेल, म्हटलं,
मागे थोडं वजन ठेवून बघा. कांद्याचं पोतं चालेल.
ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले,
मग पैसे मोजले, तेही दोनदा.

रविवारी नट आवळायला आले. एकटेच.
गाडी कशी चालते, विचारलं.
माफी मुश्किल, म्हणाले, आणि चहा मागवला,
जो ते माझ्याकडे कधी घेत नाहीत.
मी खाली वाकून दांडी पाहिली.
सत्त्याण्णव किलोंना कुरियातच्या रस्त्यावर
रिंग जिथवर सरकली असती,
त्याहून बोटभर पुढे जाऊन ती थांबली होती.

नट आवळले.
वजन विचारलं नाही.