झोपू देऊ नये

चिठ्ठीवर लिहिलेलं : मेंदूचा आलेख, सकाळी दहा.
खाली पेनाने दोनदा रेघ मारून :
आदल्या रात्री मुलाला झोपू देऊ नये.

जोत्स्ना हसली. खूप दिवसांनी.
सात वर्षं आम्ही पाळीपाळीने जागलो
ह्याला झोपवायला,
गच्चीवर, कूलरसमोर, एकदा तर
मोटारसायकलवर यावलपर्यंत जाऊन परत.
आणि त्या रात्री हर्षल
साडेनऊलाच डोळे चोळायला लागला.

चोपड्यातला एप्रिल. भिंतीला पाठ टेकवत नव्हती.
बाराला त्याला दुकानात आणलं.
माझं वायंडिंगचं दुकान : जळालेल्या मोटारी,
तांब्याची तार, वार्निश.
लोक म्हणतात, एवढा कारागीर माणूस,
मग स्वतःच्या पोराचं कसं कळत नाही?
मोटार उघडली की वास येतो,
कोणती फेज गेली ते नाकालाच कळतं.
ह्याच्या डोक्याला खोबरेलाचा वास येतो,
आणि बिस्किटाचा.

हाक मारली तर बघत नाही.
ऐकू येत नाही म्हणावं,
तर तीन घरांपलीकडे कुकरची शिट्टी झाली
की कान दाबून फरशीवर डोकं आपटतो.

शाळेने दप्तर घरी पाठवलं.
मोठ्या बहिणीने सांगितलं, उनपदेवच्या पाण्यात आंघोळ घाल.
घातली.
अडावदच्या एकाने दोरा दिला, बांधला.
आई म्हणाली, पोर्‍याले नजर लागनी. मीठ ओवाळलं.
कशालाच नाही म्हटलं नाही आम्ही,
फक्त चुलतभावाच्या लग्नाला गेलो नाही, बँडच्या भीतीने.
तो अजून बोलत नाही.

तीनला पोरगं उभ्याउभ्या पेंगलं.
तोंडावर पाणी मारलं. रडला.
चावला मला, अंगठ्याजवळ.
मी परत पाणी मारलं.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

साडेपाचची जळगाव गाडी.
विदगावच्या पुलाखाली तापी, पाणी थोडं, वाळू जास्त.
जोत्स्ना त्याच्या तळपायांना गुदगुल्या करत होती.
मागची बाई म्हणाली, झोपू द्या की लेकराला,
कसे आईबाप तुम्ही!
मागच्या महिन्यात ह्याच रस्त्यावर, ओरडतो म्हणून,
आम्हाला धानोऱ्याला उतरवलं होतं.

एकवीस तारा.
मला तीनची सवय : लाल, पिवळी, निळी.
पोरीने डिंकासारखं काही लावत एकेक चिकटवली
आणि तो झोपला, तोंड उघडं टाकून.
पडद्यावर रेघा पळत होत्या.
मी ओळखीचं काही सापडतंय का बघत होतो.

डॉक्टर म्हणाले, फिट्स आहेत, बारीक, दिसत नाहीत.
अडीच मिली सकाळी, अडीच संध्याकाळी.
बाकीचं बाटलीत नाही.
बाकीचं नऊ नंबरमध्ये विचारा.

नऊ नंबरमध्ये एक तरुण बाई.
तिने फॉर्म काढायच्या आत मी सुरू झालो :
बोलत नाही, बसत नाही, बघत नाही,
कपडे घालू देत नाही, पोरांत मिसळत नाही,
सात वर्षांत तोंडपाठ झालेलं सगळं.
ती म्हणाली, थांबा दादा.
त्याले काय आवडस?

तीन पिशव्या कागद होते आमच्याकडे.
ह्याचा कागद नव्हता.

जोत्स्ना म्हणाली, ओली माती. गालाला लावतो.
मी म्हणालो, मोटार.
लोड नसलेली, नुसती फिरणारी.
तिच्यावर तळहात ठेवतो
आणि तिच्याच सुरात घुमतो.
जोत्स्नाने माझ्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं.
मला मातीचं.

बाईने लिहून घेतलं. रकाना लहान होता,
शब्द समासात गेले.
बुधवारी या, म्हणाली,
आणि येताना एखादी छोटी मोटार आणता येईल का?

घरी आलो तर दुकानापुढे दोन पंप आणून टाकलेले,
केळी वाळतेय, फोनवर फोन.
केसांतला डिंक तीन दिवस निघाला नाही.
खोबरेल लावून एकेक केस सोडवत बसलो.
तो मधूनमधून चावला.

अर्ध्या एचपीची एक बाजूला ठेवली आहे.
कडा घासायच्या राहिल्यात.